गंजिफातला हुकूम

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाच्या विनोदांचे वर्णन करताना फासे, कवड्या आणि बुद्धिबळ यांच्याही रीती सांगितल्या आहेत. ती कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आमच्या शेजारचेच. पटावरच्या खेळांना आमच्या मुलखात नऊशे वर्षांपूर्वी असे लेखी शास्त्र लाभले. पुढे आलेल्या गंजिफाचे नियम मात्र बव्हंशी तोंडीच राहिले.

हिंदुस्थानातील गंजिफाचा जुना उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात सापडतो. १५२७ मध्ये त्याने ठठ्ठ्याच्या शाह हसनला गंजिफाची पाने धाडली होती. मोगली गंजिफात आठ रंग व ९६ पाने. दशावतारी गंजिफात दहा रंग व १२० पाने. प्रत्येक रंगात एक ते दहा अंकांची पाने आणि वर दोन मानकरी: मोगलीत मीर व वजीर, दशावतारीत राजा व प्रधान. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश ही मोगली रंगांची नावे निजामी अमलात वाढलेल्या आमच्या घराण्यांना परकी वाटू नयेत. यातली 'बरात' म्हणजे लग्नाचे वऱ्हाड नव्हे; जुन्या मराठी कागदांत खजिन्यावरच्या चिठ्ठीला 'वरात' म्हणत, तीच ही.

नव्या माणसाचा पहिला गोंधळ 'हुकूम' या शब्दापाशी होतो. चार रंगांच्या पत्त्यांत हुकमाचा एक रंग ठरतो आणि त्याची दुरी परक्या एक्क्याला मारते. गंजिफात असा रंगच नाही. तिथे हुकूम म्हणजे त्या त्या रंगात हाती उरलेल्या पानांपैकी सर्वांत वरचे पान. मीर खेळून गेला की वजीर हुकूम, वजीर गेला की त्याखालचे. म्हणून आठही रंगांतले काय गेले नि काय उरले, याची मोजदाद मनात ठेवावी लागते.

त्यातही एक मेख आहे. ताज, सफेद, शमशेर आणि गुलाम या चार रंगांत वजिराखाली दहा, नऊ, आठ असा उतरता क्रम. उरलेल्या चारांत नेमका उलटा, म्हणजे वजिराखाली एक्का आणि दहा सर्वांच्या तळाशी. सुर्खाची दहा जपून ठेवणारा खेळाडू हात हरतो तो इथे.

बलाढ्य पानाचा प्रतिकार कसा करावा? मीर दुसऱ्याकडे आणि आपल्याकडे वजीर, अशी स्थिती नेहमीच येते. मीर कशानेच मरत नाही. त्याला बाहेर काढावे लागते. त्यासाठी वजीर झाकून ठेवायचा आणि त्याच रंगाचे हलके पान पुढे टाकायचे. मीर ते घेऊन उतरला की आपला वजीर हुकूम झाला. एक हात देऊन पुढचा हक्क मिळवण्याची ही युक्ती आम्हांला या खेळातली सर्वांत देखणी वाटते. नुसत्या मोठ्या पानांच्या जोरावर खेळणाऱ्याला ती सुचत नाही.

डाव उघडण्याचा मान दिवसा सुर्खाच्या मीराला, रात्री सफेदाच्या. सूर्य आणि चंद्र यांचा हा हिशेब. दशावतारीत दिवसा राम, रात्री कृष्ण. दिवेलागणीला मांडलेला डाव कोणाचा, हा वाद मग निघणारच. आमच्या मते पाने वाटली तेव्हाची वेळ धरावी. मध्येच मान बदलला तर वाटणीला अर्थ उरत नाही.

सावंतवाडीत शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला पुन्हा उभी केली, म्हणून गोल, लाखेची, हाताने रंगवलेली पाने आजही मिळतात. पण पुष्कळशी चौकटीत बसवून भिंतीवर जातात. चित्रकाराचा हात वाचला ही मोठीच गोष्ट, पण खेळणाराचा हात चित्रावरून शिकता येत नाही. एखादे पान हरवले तरी चौकट शोभते. मोजदादीवर चालणारा डाव मात्र मांडता येत नाही.

ज्यांच्या घरी जुना संच असेल, किंवा ज्यांनी वडीलधाऱ्यांना खेळताना पाहिले असेल, त्यांनी तीन गोष्टी लिहून आमच्याकडे धाडाव्यात: दशावतारीतले कोणते पाच अवतार सुलटे व कोणते उलटे मानत, डावाला किती जण बसत, आणि शेवटच्या पानांचा निकाल कसा लावीत. घराघरांतील उत्तरे भिन्न आली, तर ती सर्व जशीच्या तशी छापू.