दोन धावपट्ट्यांमधलं अंतर

उरणला आजोळी जाताना एसटीच्या खिडकीतून उलव्याची टेकडी दिसायची. आता ती नाही. ती कापून, उलवे नदीचा प्रवाह वळवून तिथे नवी मुंबईचा विमानतळ झाला. २५ डिसेंबर २०२५पासून तिथे प्रवासी विमानं ये-जा करू लागली. सुरुवात एकाच धावपट्टीवर झाली. आराखड्यात दुसरी आहे, पहिलीला समांतर, १५५० मीटरवर. हा आकडा आला कुठून?

मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमानं उतरवता येत नाहीत. समांतर धावपट्ट्यांवर ते जमतं. पण ढगांत वैमानिकांना शेजारचं विमान दिसत नाही. सगळी भिस्त रडारवर. दोन्ही विमानं आपापल्या रेषेवर स्थिरावेपर्यंत नियंत्रक त्यांच्या उंचीत १००० फुटांचा फरक राखतात. पुढे दोन रेषांच्या मधोमध किमान ६१० मीटर रुंदीचा निषिद्ध पट्टा असतो. एखादं विमान त्यात शिरलं, की शेजारच्याला ताबडतोब वळून वर जायला सांगतात.

मी हिशेब करून पाहिला. ताशी २६० किलोमीटर वेगाचं विमान ३० अंशांनी भरकटलं, तर सेकंदाला ३६ मीटर बाजूला सरकतं. १५५० मीटर अंतर असेल तर तेराव्या सेकंदाला ते पट्ट्यात शिरतं आणि त्रेचाळिसाव्या सेकंदाला शेजारच्या रेषेवर पोचतं. मधल्या अर्ध्या मिनिटात नियंत्रकाने ओळखायचं, बोलायचं आणि दुसऱ्या वैमानिकाने वळायचं.

म्हणून या अंतराचा इतिहास हा रडारवरच्या विश्वासाचा इतिहास आहे. अमेरिकेने १९६३ साली किमान ५००० फूट, म्हणजे १५२४ मीटर अंतर मागितलं. १९७४ साली ते ४३०० फुटांवर आलं. पुढे रडार जलद झाली आणि आंतरराष्ट्रीय नियम १०३५ मीटरपर्यंत उतरला.

सिडकोच्या मूळ आराखड्यात मात्र १८०० मीटर होते, कारण मधल्या जागेत टर्मिनल आणि विमानांच्या वाटाही बसवायच्या होत्या. तेवढ्या रुंदीसाठी गाढी नदीही वळवावी लागणार होती. नोव्हेंबर २०१०मध्ये पर्यावरण मंजुरी देताना अंतर कमी करायला लावलं गेलं. गाढी वाचली.

उलवे नदी वाचली नाही. कोंबडभुजे, तरघर, चिंचपाडा, वाघिवली धरून दहा गावं उठली.

कामावर समोर आलेली आकडेवारी मी दिलेली म्हणून घेतो आणि कोड लिहू लागतो. या १५५०ने ती सवय थोडी मोडली. सुरक्षिततेचा नियम फक्त किमान सांगतो. त्यापुढचं प्रत्येक मीटर कुणीतरी ठरवलेलं असतं, आणि कुणी अडून विचारलं तर ते कमीही होतं. टेकडीबद्दल, गावांबद्दल तेवढं अडून विचारलं गेलं का, हा प्रश्न त्या वाटेने जाताना दर वेळी पडतो.