कपडे बदलायची खोली

अरुणा शानभाग हे नाव निघालं की लोक सेवेबद्दल बोलतात. मी स्वतः नर्स आहे. मला आधी संप आठवतो.

२७ नोव्हेंबर १९७३. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ड्युटी संपवून अरुणा कपडे बदलायला तळघरात गेली. तिथे एका सफाई कर्मचाऱ्याने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळून अत्याचार केला. मेंदूला इजा झाली, ती पुन्हा सावरली नाही. त्यानंतर मुंबईतल्या नर्सेसनी संप केला. कामाच्या जागी सुरक्षितता हवी, ही मागणी.

१८ मे २०१५ला ती गेली, तोवर केईएमच्या नर्सेसनी तिला सांभाळलं. भरवलं, अंग पुसलं, कूस बदलत राहून वर्षानुवर्षं बेडसोर होऊ दिला नाही. जुन्या सिस्टर निवृत्त झाल्या. हल्ल्याच्या वेळी जन्मल्याही नव्हत्या अशा मुलींनी काम पुढे चालवलं. हे कुठल्याही ड्युटी चार्टने करून घेता येत नाही. मला त्याचा अभिमान आहे.

पण कौतुकाला खर्च येत नाही, आतून कडी असलेल्या खोलीला येतो. म्हणून सेवा लक्षात राहिली, संप विसरला गेला.

ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीची एक डॉक्टर विश्रांतीसाठी सेमिनार हॉलमध्ये गेली. तिथेच बलात्कार करून तिचा खून झाला. देशभरचे डॉक्टर रस्त्यावर उतरले. मागणी १९७३चीच होती.

तुमच्या ओळखीत कुणी नर्स असेल तर तिला एकदा विचारा, ड्युटीवर कपडे कुठे बदलतेस?