मराठवाड्यातील विलंबित जन्मनोंदणी आणि बेकायदा स्थलांतराचा वाद

विलंबित जन्मनोंदणी आणि बेकायदा स्थलांतराचा वाद हा महाराष्ट्रात २०२४-२५ मध्ये उद्भवलेला प्रशासकीय व राजकीय वाद होय. जन्मानंतर एक वर्षाहून अधिक काळाने मिळणाऱ्या जन्म प्रमाणपत्रांचा आधार घेऊन बांगलादेशी व रोहिंग्या स्थलांतरित भारतीयत्वाचे पुरावे तयार करतात, असा आरोप त्याच्या मुळाशी आहे. वादाची सुरुवात मालेगाव, अकोला व अमरावती येथील प्रमाणपत्रांवरून झाली. मात्र त्यानंतर निघालेले शासकीय आदेश राज्यभर लागू झाले. आंतरराष्ट्रीय सीमेपासून दूर असलेल्या नांदेड व लातूर या जिल्ह्यांत या आदेशांना निराळे महत्त्व प्राप्त होते, कारण तेथील रहिवाशांच्या दोन-तीन पिढ्यांपूर्वीच्या नोंदी मुळातच विस्कळीत आहेत.

कायदेशीर पार्श्वभूमी

‘बेकायदा स्थलांतरित’ या संज्ञेची व्याख्या नागरिकत्व अधिनियम, १९५५ यात २००३ च्या दुरुस्तीने समाविष्ट झाली. वैध पारपत्राविना देशात आलेला किंवा परवानगीची मुदत संपल्यावरही येथे राहिलेला परदेशी नागरिक असा तिचा आशय आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अफगाणिस्तान, पाकिस्तान व बांगलादेश येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या व्यक्तींना या व्याख्येतून वगळले. त्या सहांत मुस्लिम धर्माचा समावेश नाही, आणि वादाचे धार्मिक स्वरूप बऱ्याच अंशी तेथून आले आहे.

जन्माने नागरिकत्व मिळण्याचा नियम दोन वेळा बदलला. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेल्या व्यक्तीस केवळ जन्मस्थान सिद्ध करणे पुरेसे आहे. १ जुलै १९८७ पासून आई-वडिलांपैकी एक भारतीय नागरिक असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक असावेत, अथवा एक नागरिक असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा, अशी अट आली. म्हणजे सर्वांत सोपा नियम सर्वांत जुन्या पिढीसाठी आहे. आणि जन्माचा दाखला नेमका त्याच पिढीकडे सहसा नसतो.

परदेशी नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी संबंधित व्यक्तीवर असते. परदेशी व्यक्तींविषयक अधिनियम, १९४६ मधील हे तत्त्व १ सप्टेंबर २०२५ पासून त्याची जागा घेणाऱ्या आप्रवास व परदेशी व्यक्ती अधिनियम, २०२५ मध्येही कायम आहे. आधार कार्ड, पॅन किंवा मतदार ओळखपत्र एवढ्यावरून कोणी भारतीय नागरिक ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये एका जामीन अर्जावर निकाल देताना स्पष्ट केले.

प्रमाणपत्रांचा वाद

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये जन्माची नोंद २१ दिवसांत करावयाची असते. एक वर्षानंतरच्या नोंदीसाठी पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे. २०२३ च्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला. व्यवहारात तो तहसील कार्यालयात आला. न्यायालयाची खेप वाचल्याने अर्जदारांची सोय झाली, तशी पडताळणी सैल होण्याची वाटही उघडली.

भारतीय जनता पक्षाचे नेते किरीट सोमय्या यांनी अपुऱ्या किंवा बनावट कागदपत्रांवर प्रमाणपत्रे दिली गेल्याच्या तक्रारी केल्या. जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले व विलंबित प्रमाणपत्रे देणे थांबवले. मालेगाव येथील महसूल अधिकाऱ्यांचे निलंबन झाले. मार्च २०२५ मध्ये सुधारित कार्यपद्धती लागू झाली. तीत पोलिसांचा अहवाल, जाहीर नोटीस आणि खोटी माहिती दिल्यास फौजदारी कारवाई या बाबी आहेत. ११ ऑगस्ट २०२३ नंतर नायब तहसीलदारांनी दिलेली प्रमाणपत्रे अधिकारबाह्य ठरवून रद्द करण्याचे आदेशही निघाले. अधिकार नसलेल्या अधिकाऱ्याने दिलेला दाखला व खोट्या माहितीवर मिळवलेला दाखला या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत दोष कार्यालयाचा असतो, दुसरीत अर्जदाराचा. सार्वजनिक चर्चेत हा भेद बहुधा पुसला गेला.

नांदेड व लातूरची स्थिती

दोन्ही जिल्ह्यांचा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. महसुली दप्तर प्रामुख्याने उर्दूत, काही मोडीत, आणि कालगणना फसली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके बीदर जिल्ह्यातून उस्मानाबादला जोडले गेले. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा झाला तेव्हा ते त्यात आले. किनवट तालुका आदिलाबादमधून नांदेडमध्ये आला, तर देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे तत्कालीन आंध्र प्रदेशात गेली. त्यामुळे एकाच गावी राहिलेल्या कुटुंबाची कागदपत्रे तीन राज्यांच्या दप्तरांत विखुरलेली असू शकतात. गाव हलले नाही, जिल्हा हलला.

१९४७-४८ मध्ये येथे मोठे विस्थापन झाले. रझाकारांच्या अत्याचारांमुळे अनेक कुटुंबे उमरखेड, बार्शी अशा सरहद्दीपलीकडील ठिकाणी गेली. पोलीस कारवाईनंतरच्या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा व नांदेड यांची नावे घेतली. त्या हिंसाचारात मुख्यतः मुस्लिम बळी पडले. पळताना कोणी कागद सोबत घेत नाही.

जुन्या नोंदींची वानवा हा एका धर्माचा प्रश्न नाही, हे मराठा आरक्षणाच्या निमित्ताने दिसून आले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीला मराठवाड्यात विदर्भाच्या तुलनेत फार थोड्या नोंदी आढळल्या आणि हैदराबादच्या अभिलेखागारापर्यंत शोध न्यावा लागला. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्यांची ही स्थिती असेल, तर घरी जन्मलेल्या तांड्यावरच्या मुलाची किंवा मुखेड-कंधारहून उसाच्या फडावर गेलेल्या मजुराच्या मुलाची स्थिती सहज लक्षात येते. अशांचा एकमेव पुरावा म्हणजे शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही. तीही अनेकदा अंदाजे: नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लिहीत, म्हणून ग्रामीण महाराष्ट्रात या एका दिवशी जन्मलेल्यांची संख्या विलक्षण मोठी आहे.

संख्येचा प्रश्न

देशात बेकायदा स्थलांतरित किती, याविषयी विश्वसनीय गणना नाही. सुमारे १.२ कोटी बांगलादेशी असल्याचे २००४ मध्ये केंद्रीय गृह राज्यमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितले व पुढे त्या आकड्यापासून माघार घेतली. २०१६ मध्ये संसदेत सुमारे २ कोटींचा आकडा देण्यात आला. याउलट जनगणनेत मागील निवासस्थान बांगलादेश सांगणाऱ्यांची संख्या २००१ मध्ये सुमारे ३१ लाख, तर २०११ मध्ये सुमारे २३ लाख होती. चोरून आलेला मनुष्य प्रगणकास खरे सांगेलच असे नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यातून मोठा आकडा आपोआप सिद्ध होत नाही.

परिणामांविषयी मतभेद

कठोर तपासणीचे समर्थक मतदार याद्यांची शुद्धता, शिधावाटप व घरकुल यांसारख्या योजनांवरील भार, सीमापार टोळ्या आणि अकुशल कामांतील मजुरीवर येणारा दाब यांकडे लक्ष वेधतात. बनावट दाखला एकदा तयार झाला की त्यावरून पारपत्रापर्यंत साखळी उभी राहते, हा त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा होय.

विरोधकांचा आक्षेप तपासणीला नसून तिच्या पद्धतीला आहे. भाषा व धर्म पाहून संशयित ठरवले जातात, असे ते म्हणतात. जुलै १९९८ मध्ये मुंबईतून बांगलादेशी म्हणून रेल्वेने पाठवलेल्या बंगाली जरी कामगारांना पश्चिम बंगालमधील उलुबेरिया येथे जमावाने सोडवले होते. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही रहिवाशांना बांगलादेशात ढकलण्यात आले आणि ते भारतीय असल्याचे निष्पन्न झाल्यावर परत आणावे लागले. आसाममध्ये ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय नागरिक नोंदवहीतून १९,०६,६५७ अर्जदार वगळले गेले. त्यांत हिंदू व मुस्लिम दोन्ही होते.

केंद्रीय गृह मंत्रालयाने मे २०२५ मध्ये संशयित व्यक्तीने सांगितलेल्या मूळ राज्याकडून पडताळणी पूर्ण होण्यासाठी ३० दिवसांची मुदत घालून दिली. मुंबई-पुण्यात बांधकामावर राबणाऱ्या, उदगीरकडच्या एखाद्या मजुराच्या वडिलांची नोंद बीदरच्या जुन्या उर्दू दप्तरात असेल, तर ती शोधून, वाचून घेऊन तिचे प्रमाणित भाषांतर मिळवण्यास एवढा अवधी पुरेसा नाही. मोडी व जुनी उर्दू वाचू शकणारे जाणकार जिल्हा अभिलेख कक्षांना कमी पडतात, ही अडचण कुणबी नोंदींच्या शोधातही समोर आली होती.