ऑनलाइन भाषेचा तास : ‘आज मला काय येणार?’ हे मुलाला कळेल असं कसं लिहावं

कामशेत : शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हिडिओची लिंक येते. खाली लिहिलेलं असतं, ‘धडा पाहा, प्रश्न सोडवा.’ मूल व्हिडिओ पाहतं, ‘झालं’ म्हणतं आणि फोन परत देतं. नेमकं काय झालं, हे ना मुलाला सांगता येतं, ना घरच्यांना.

इयत्तेनुसार मुलाला काय यायला हवं, हे सरकारने ठरवून दिलेलं आहे. त्याला ‘अध्ययन निष्पत्ती’ म्हणतात. एनसीईआरटीने त्या २०१७ मध्ये तयार केल्या. बालभारतीच्या पुस्तकांतही त्या सुरुवातीला छापलेल्या असतात. पण ती भाषा शिक्षकांसाठीची. वर्गात गुरुजी किंवा बाई मुलांचे चेहरे बघून त्या सोप्या करून सांगतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अभ्यास फोनवर आला आणि मधला हा दुवाच तुटला.

म्हणून ऑनलाइन तासाचं उद्दिष्ट मुलाच्या तोंडून, ‘मी’ने सुरू होणारं असावं. ‘विद्यार्थी उताऱ्याचे आकलन करतील’ यातून मुलाला काही कळत नाही. त्याऐवजी असं लिहावं : ‘भातलावणीचा उतारा वाचून मी आजीला चार वाक्यांत सांगेन, की आधी चिखलणी का करतात.’ नाणे मावळातल्या आजीला अक्षर येत नसेल, पण चिखलणी तिला कुणी शिकवायला नको. नातवाचं बरोबर की चूक, हे ती लगेच ओळखते. शिकवणी नसलेल्या घरात अशी तपासणी फार मोलाची.

‘समजून घेणे’, ‘आस्वाद घेणे’ ही क्रियापदं टाळावीत, कारण ती डोळ्यांना दिसत नाहीत. वाचून दाखवीन, सांगेन, लिहीन, विचारीन ही दिसतात. इंग्रजीचंही तसंच. व्याकरणातल्या काळाचं नाव देण्यापेक्षा ‘कामशेत स्टेशनवर लोकलचं तिकीट इंग्रजीतून तीन वाक्यांत मागेन’ हे मुलाला पटकन कळतं. ठाकर, कातकरी वस्तीतल्या मुलांना आधी आपल्या बोलीत सांगायची मुभा उद्दिष्टातच लिहून द्यावी. नाहीतर गोष्ट समजलेलं मूलही गप्प बसतं.

एका तासाला एकच उद्दिष्ट पुरे, फार तर दोन. २०२१ पासूनच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, असं लक्ष्य आहे. ते वर्षअखेरचं आहे. आजच्या तासावर तोच आकडा टांगला तर मूल घाबरून धावत वाचतं आणि अर्थ मागे राहतो. आजपुरतं ‘हा परिच्छेद न अडखळता वाचीन’ एवढंच बरं.

उद्दिष्ट व्हिडिओच्या आत नको, वेगळ्या मेसेजमध्ये पाठवावं. डोंगराआड रेंज कमी असली तरी दोन ओळींचा मेसेज पोचतो. पहिली-दुसरीला तेच आवाजात पाठवावं. आणि उत्तर म्हणून ‘झालं’ किंवा अंगठा न मागता अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज मागावा : ‘येतं’, ‘मदत लागली’ की ‘अजून नाही’, हे मुलानेच आधी सांगायचं आणि मग म्हणून दाखवायचं.