पॅरिसमधील एका भिंतीपाशी

लूर्दची यात्रा आटोपून परतताना पॅरिस मुक्कामी आम्हांस एक दिवस मोकळा मिळाला. सोबतच्या यात्रेकरूंची पावले आयफेल मनोऱ्याकडे वळली. आम्ही शहराच्या पूर्वेकडील पेर लाशेझ दफनभूमीची वाट धरली.

‘पेर’ म्हणजे फादर. चौदाव्या लुई राजाचे पापनिवेदन ऐकणारे येशूसंघीय धर्मगुरू फ्रान्स्वा द ला शेझ यांचे नाव या टेकडीला लाभले. ती एकेकाळी येशूसंघाची होती. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये संघावर बंदी आली आणि ती हातची गेली. पुढे पॅरिसच्या मध्यवस्तीतील जुन्या दफनभूमीत मृतांना जागा उरेना. १७८० साली तेथील प्रेतांच्या भाराने शेजारच्या तळघराची भिंत कोसळली, तेव्हा कुठे राज्यकर्त्यांना जाग आली. शहराबाहेर नव्या दफनभूमी काढण्यात आल्या. त्यांपैकी ही १८०४ साली खुली झाली. प्रारंभी लोक इकडे फिरकत नसत. १८१७ मध्ये नाटककार मोलियर व कवी ला फोंतेन यांचे म्हणून मानले जाणारे अवशेष येथे आणले, तेव्हा तिची प्रतिष्ठा वाढली. संगीतकार शोपँ येथेच विसावला आहे. त्याचे हृदय मात्र वॉर्सातील होली क्रॉस चर्चमध्ये आहे.

परंतु आमचे पाय खिळले ते आवाराच्या दूरच्या कोपऱ्यातील एका साध्या भिंतीपाशी. १८७१ साली पॅरिसच्या कामगारांनी बंड करून ‘कम्यून’ स्थापन केले. मे महिन्याच्या अखेरीस सरकारी फौजा शहरात शिरल्या. या कबरींच्या आडोशाने लढाई झाली आणि २८ मे रोजी १४७ बंडखोरांना या भिंतीशी उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. भिंतीवरील फलक कम्यूनच्या मृतांचे स्मरण करतो.

आम्ही सेमिनरीत शिकलो होतो ती या कथेची दुसरी बाजू. टेकडीच्या पायथ्याजवळच ला रोकेत तुरुंग होता. तेथे २४ मे रोजी कम्यूनच्या लोकांनी आर्चबिशप जॉर्ज दारबॉय यांच्यासह सहा ओलिसांचे प्राण घेतले. त्यांत दोन येशूसंघीय होते, मादलेन चर्चचे प्रमुख धर्मगुरूही होते. ब्लांकी या कैद्याच्या बदल्यात आर्चबिशपांना सोडण्याची कम्यूनची तयारी होती. सरकारने नकार दिला. त्या सहांचे देह याच दफनभूमीतील एका खड्ड्यात टाकण्यात आले होते.

मृतांसाठी प्रार्थना करणे हे तर आमचे नित्याचे काम. तरीही, खरे सांगायचे तर, त्या भिंतीपुढे ती चटकन ओठी येईना. ‘हे आपले मृत नव्हेत,’ असे मन आतून म्हणत होते. मग जाणवले, त्या आठवड्यात मारेकऱ्यांना आणि मारल्या गेलेल्यांना एकाच मातीने पोटाशी घेतले होते. मातीने केला नाही तो भेद धर्मगुरूने कसा करावा? क्रुसावरून प्रभूने क्षमा मागितली ती मित्रांसाठी नव्हती. आम्ही टोपी काढली, आर्चबिशपांसाठी आणि त्या १४७ जणांसाठी एकच प्रार्थना केली.

येत्या २ नोव्हेंबरला आपण आपापल्या कबरी फुलांनी सजवू. शेजारी एखादी कबर अशीही असेल, जिच्या धन्याशी आपल्या घराण्याने बांधाच्या वादापायी अबोला धरला होता. एक मेणबत्ती तिच्यासाठीही न्यावी, एवढीच विनंती.