चामड्याचें जतन : खामगांवच्या एका जुन्या मोटारीवरून सुचलेला विचार

इतिहाससंशोधकांच्या मेळाव्यांत कागद, शाई व अक्षरवळण यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु ज्या वेष्टनानें तो कागद आजवर राखला त्याची विचारपूस क्वचितच होते. आपल्याकडील पोथ्या लाकडी फळ्या व रुमाल यांत बांधीत. चामड्याचा स्पर्श त्यांस सहसा वर्ज्य असे. त्यामुळें चामड्याची निगा हा विषय आम्हां संस्कृत शिकलेल्या मंडळींच्या कक्षेंत आलाच नाहीं. तथापि फारसी हस्तलिखितांच्या कित्येक बांधण्या, इंग्रजी अमदानींतील नोंदवह्या व एकोणिसाव्या शतकांतील छापील कोश यांच्या पाठी चामड्याच्या आहेत, आणि त्या आपल्या डोळ्यांदेखत झिजून चालल्या आहेत. या विषयाचा धडा प्रस्तुत लेखकास ग्रंथालयांत न मिळतां एका मोटारीच्या बैठकीपाशीं मिळाला. तो येथें नमूद करीत आहें.

बुलढाणा जिल्ह्यांत लोहमार्ग घाटाखालून गेलेला आहे. मलकापूर, नांदुरा, जलंब हीं स्थानकें त्यावर पडतात. जलंबाहून खामगांवास जाणारा फांटा १८७० सालीं सुरू झाला, तो तेथील कापसाच्या पेठेमुळें. जिल्ह्याचें ठाणें मात्र घाटावर; मलकापुरास उतरून सडकेनेंच वर यावें लागे. अशा मुलखांत सधन घरीं मोटार आली यांत नवल नाहीं. खामगांवांतील एका व्यापारी घराण्याच्या जुन्या रोजकीर्दी पाहावयास गेलों असतां वाड्याच्या पडवींत स्वातंत्र्यपूर्व काळांतील एक विलायती मोटार उभी दिसली. बैठकींचें चामडें तडकलेलें, शिवण उसवलेली, आणि जवळच एक वृद्ध चर्मकार रापी व आरी मांडून बसलेला.

येथें माझा एक जुना प्रमाद सांगणें भाग आहे. आमच्या गुरुजींनीं मला दिलेला आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश (प्रथम प्रकाशन १८९०) माझ्याजवळ आहे. त्या प्रतीच्या पाठीचें चामडें तांबूस भुकटी होऊन हातास लागूं लागलें. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत चामड्याची शुद्धि वस्त्राप्रमाणें करावी असें सांगितलें आहे, तें स्मरून मीं ओल्या फडक्यानें पाठ पुसली. पाहतां पाहतां ती काळी व ताठ झाली. मग ती मऊ व्हावी म्हणून जवसाचें तेल चोळलें. कांहीं महिन्यांनीं तें तेल वाळून राळेसारखें चिकट झालें, व आरंभींच्या पानांवर त्याचे डाग उमटले. शास्त्रांतील शुद्धि म्हणजे स्पर्शास्पर्शाचा विचार. पदार्थ टिकविण्याचा तो विधि नव्हे, इतका विवेक मला त्या वेळीं राहिला नाहीं.

हा वृत्तांत ऐकून तो चर्मकार म्हणाला, "गुरुजी, मेलेल्या कातड्याला पाणी पाजून तें जितं होतं काय?" पुढें त्यानें जें करून दाखविलें तें क्रमानें देतों.

प्रथम त्यानें चामडें कोणतें आणि रेक्झीन कोणतें हें वेगळें केलें. उसवलेल्या कडेची मागील बाजू पाहतां चामड्यास तंतूंची लव दिसते, रेक्झिनास कापडाची वीण. त्या मोटारींत बसावयाचा भाग तेवढा चामड्याचा होता. बाजू व पाठीमागचा भाग रेक्झिनाचा. रेक्झिनास तेल पाजणें व्यर्थ होय. नंतर मऊ कुंचल्यानें शिवणींतील धूळ काढली, कारण धुळीचे कण प्रत्येक बसण्यासरशीं टांका कापीत असतात. मग साबणाच्या पाण्यांत बुडवून घट्ट पिळलेलें फडकें केवळ निरोगी भागावर फिरविलें. तेंही आधीं बैठकीच्या खालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर परीक्षा करून. भुकटी होत असलेल्या जागेस ओल लावलीच नाहीं. फाटलेल्या जागीं रापीनें पातळ केलेला तुकडा आंतून डकविला, आणि शिवण जुन्याच छिद्रांतून घेतली. नवीं छिद्रें पाडलीं तर चामडें तिकिटाप्रमाणें रेषेवर फाटतें. स्नेह सर्वांच्या शेवटीं, अगदीं थोडा, सावलींत, दोन-तीन वेळां.

यामागील कारण असें. कातडें म्हणजे तंतूंचें जाळें. साल किंवा हिरडा यांतील तुरट द्रव्यानें तें कुजण्यापासून वांचतें. पण तंतु एकमेकांवर सरकण्यास स्नेह लागतो. तो आटला कीं चामडें वांकवतांच तडकतें. विहिरीवरील मोटेस शेतकरी करंजाचें किंवा एरंडाचें तेल पाजीत, तें याचकरितां. परंतु तांबूस भुकटी हा वेगळा रोग आहे. लंडन येथील कलासंस्थेच्या समितीनें बांधणीच्या चामड्याची चौकशी करून १९०१ व १९०५ सालीं अहवाल दिले. धुरांतील व वायुदीपांच्या ज्वलनांतील गंधकाचें आम्ल, तसेंच रंगवितांना वापरलेलीं तीव्र आम्लें यांस तिनें दोष दिला. आणि आपल्या देशांतून जाणारें तरवडाच्या सालीनें कमावलेलें कातडें ग्रंथबांधणीस अयोग्य ठरविलें. तरवडाच्या जातीचें तुरट द्रव्य आम्लापुढें लवकर हार खातें. हिरड्याच्या जातीचें अधिक टिकतें. तंतूच तुटला असतां तेल त्यास सांधीत नाहीं.

यावरून बैठक व बांधणी यांतील भेद स्पष्ट होतो. बैठकीनें भार सोसावयाचा व वांकावयाचें. म्हणून तिला मोजका स्नेह हवा. कपाटांतील ग्रंथ क्वचित् उघडतो, आणि त्याच्या चामड्यास दिलेलें तेल कागदांत उतरतें. पूर्वीं ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेनें लोकरीची चरबी, देवदारवर्गी लांकडाचें तेल व मेण यांचें मिश्रण प्रचारांत आणलें होतें. अलीकडे संरक्षकांचा कल ग्रंथांस असलें कांहीं न लावण्याकडे आहे. भुकटी झडत असल्यास मद्यार्कांत विरविलेल्या विशिष्ट सेल्युलोजनें जाणत्याकडून ती बसवून घ्यावी. एरवीं आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटींत ग्रंथ ठेवावा, ऊन व दमट भिंत टाळावी. बाजारांत मोटारीकरितां मिळणारीं मलमें बहुतेक क्रोमियमच्या क्षारांनीं कमावलेल्या व वर रंगाचा थर दिलेल्या आधुनिक चामड्यासाठीं असतात. जुन्या बांधणीस तीं लावूं नयेत.

शेवटीं एक विनंति. चर्मकार हा बलुतेदार असल्यानें जुन्या कागदांत त्याचा उल्लेख वारंवार येतो. आपण तो हक्काचें धान्य किती, तंटा कोणाशीं, एवढ्यापुरता वाचतों. तो काय जाणत होता हें विचारीत नाहीं. पंप आले, विहिरीवरची मोट गेली, आणि तिच्याबरोबर कातडें ओळखणारे हातही गांवोगांव कमी झाले. संग्राहकांनीं आपल्या सूचींत ग्रंथाच्या लेखनकालाप्रमाणें बांधणीचें चामडें, त्याची अवस्था व पूर्वीं केलेले उपचार यांचीही नोंद करावी. आणि आसपास असा कोणी वृद्ध कारागीर असल्यास त्याचें कथन त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावें. माझ्या कोशाची पाठ मीं नवी बांधून घेतली नाहीं. ती काळीच ठेवली असून आंत उपचाराची तारीख व माझें नांव लिहून ठेविलें आहे.