गरजेचे कागद आणि इतिहासाचा शोध

माहिती शोधणें हें पंडितांचें काम, असा एक रूढ समज आहे. वास्तविक हा उद्योग घरोघरीं चालत आलेला आहे. शेताच्या बांधाविषयीं तंटा पडला म्हणजे गांवांतील वृद्धांस विचारावयाचें व कुळकर्ण्याचें दफ्तर सोडवावयाचें. सोयरीक जुळवितांना पलीकडच्या घराण्याची हकीकत ओळखीच्या दोन-चार घरीं काढावयाची. पूर्वजांचीं नांवें हवीं असल्यास त्र्यंबकास तीर्थोपाध्यायाची वही उघडावयास लावावयाची. ही आपली जुनी रीत. ह्या शोधाचें लक्षण असें कीं, गरज भागली म्हणजे तो थांबतो. बांधाचा निकाल लागला कीं रुमाल पुन्हा बांधला जातो. परंतु त्या रुमालांत जें राहतें, त्यावरच पुढें इतिहासाची इमारत उभी राहते. खानदेशांत ह्याचीं दोन ठळक उदाहरणें आहेत.

पहिलें चाळीसगांवाजवळील पाटणचें. डोंगराच्या पायथ्याशीं असलेलें हें गांव यादवकाळीं चांगलें नांदतें होतें. तेथील भवानीच्या देवळांतील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणिला व १८६५ सालीं विद्वानांपुढें ठेविला. शके ११२८ चा हा लेख मुळांत एक दानपत्र आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरीं ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यानें येथें मठ स्थापिला, आणि निकुंभ कुळांतील सोइदेव यानें त्या मठास उत्पन्न लावून दिलें. लेखाचा बराच भाग संस्कृतांत, पण शेवट मात्र मराठींत आहे. त्याचें कारण उघड आहे. बाजारांतील मालावरचें कोणतें उत्पन्न मठाचें, घाण्यामागें किती तेल मठास द्यावयाचें, हें व्यापाऱ्यास व तेल्यास समजणें अवश्य होतें. पुढें वाद पडूं नये म्हणून कोरलेला हा दगड साडेसहाशे वर्षांनीं भास्कराचार्यांच्या वंशावळीचा आणि जुन्या मराठी भाषेचा साक्षीदार ठरला.

दुसरें उदाहरण धुळ्याचें. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा ३१ डिसेंबर १९२६ रोजीं ह्याच गांवीं अंत झाला. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. पुढें ते बावीस झाले. पहिल्या खंडांत १७५० ते १७६१ ह्या काळांतील पत्रें आहेत. तीं लिहिणाऱ्यांस पानिपतचा इतिहास लिहावयाचा नव्हता. त्यांस त्या दिवसाचें काम उरकावयाचें होतें.

राजवाडे गांवोगांव हिंडले तेव्हां हे कागद ग्रंथालयांत नव्हते. ते माळ्यावर, फडताळांत, पेटाऱ्यांत पडून होते, आणि परक्यास ते दाखविण्यास मालक सहसा राजी नसत. हा संकोच अगदींच अकारण म्हणतां येणार नाहीं. १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनास बळ मिळालें, घरोघरच्या सनदा तपासल्या गेल्या आणि पुष्कळांचीं इनामें खालसा झालीं. कागद मागणारा मनुष्य काय घेऊन जाईल, ही भीति त्या पिढीनें पुढच्या पिढीस दिली असल्यास नवल नाहीं. म्हणून संशोधकास प्रथम घरधन्याचा विश्वास संपादावा लागे. अक्षर लावण्याचें काम त्यानंतरचें. उलट, जेथें हक्क बुडाला तेथें कागदही निरुपयोगी ठरला, आणि तो वाळवीच्या किंवा चुलीच्या स्वाधीन झाला. भीतीनें लपविलेला कागद एखादे वेळीं हातीं तरी लागतो. निरुपयोगी म्हणून टाकलेला कायमचा जातो.

धुळ्यानें ह्यावर उपाय योजिला. राजवाड्यांच्या मागें त्यांचे संग्रह विखरूं नयेत म्हणून १९२७ सालीं तेथें राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालें. त्यापूर्वीं, १८९३ मध्यें, सत्कार्योत्तेजक सभा निघालेलीच होती. तिचे प्राण शंकर श्रीकृष्ण देव यांनीं रामदासी मठांतील बाडें मोठ्या चिकाटीनें मिळविलीं, आणि तीं समर्थ वाग्देवता मंदिरांत जतन झालीं. हीं बाडेंही मुळांत नित्यपाठासाठीं उतरलेलीं. तीं पुढें पाठभेद ठरविण्याच्या कामीं आलीं.

आज हातांतील यंत्रास प्रश्न विचारतांच क्षणांत उत्तर मिळतें, आणि ही सोय लहान नव्हे. पण कोणीतरी आधीं शोधून, वाचून, नोंदून ठेविलेलें तेवढेंच तें सांगूं शकतें. माळ्यावर बांधून पडलेल्या रुमालाची त्यास वार्ता नसते. यासाठीं खानदेशांतील एखादें जुनें घर पाडावयास निघालें, तर मोडी कागदांचें गाठोडें रद्दींत घालण्यापूर्वीं जाणत्यास एकवार दाखवावें. त्यांतील हक्क केव्हांच संपला असेल. माहिती संपलेली नसते.